प्रस्तावना, खालच्या स्टेशनातून

पुस्तकात अकरा गोष्टी आहेत.
सहा भुतांच्या, चार खुनांच्या,
आणि एक चंद्रावरच्या खाणीची. ती जमलेली नाही,
पण माझ्या भाच्याला आवडते, म्हणून राहिली.

कुताइसीच्या छापखानेवाल्याने विचारलं,
लेखिकेची ओळख काय टाकू?
म्हटलं, टाक: त्सियाला लोमताद्झे,
चियातुराच्या रोपवेवर एकतीस वर्षं चालक.
आणि शिक्षण?
म्हटलं, तेच.

साहित्यात उतरंड असते म्हणे.
वर कविता, तिच्याखाली कादंबरी,
आणि तळाशी, जिथे नदी मँगनीजने काळी वाहते,
तिथे आम्ही भुताखेतांवाले.
चालेल.
मी जन्मभर खालच्याच स्टेशनात बसले.
वर जाणाऱ्यांना वर पोचवलं, एवढंच.

त्या हिवाळ्यांत वीज न सांगता जायची.
पत्र्याची डबी दरीच्या मधोमध थांबायची,
आत आठ-नऊ माणसं, पाळी संपवून निघालेली,
कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पिशवीत कोंबडी.
माझ्याजवळ एक टेलिफोन, हाताने फिरवायचा.
पहिल्या वेळी मी त्यात म्हणाले, घाबरू नका.
याहून कुचकामी वाक्य
मी आजवर लिहिलेलं नाही.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला,
मावशी, खाली किती आहे?
खरं सांगवेना, खोटं सुचेना.
म्हटलं, खालचं सोड गं,
बाराव्या बोगद्यात एक बाई राहते, माहीत आहे का?
तिला पाय नाहीत.
पण तिच्या बुटांचा आवाज येतो.

डबीत सगळे चिडीचूप.
कोंबडीसुद्धा.
माणसाला एका वेळी एकच भीती नीट धरता येते,
हे मला तिथे कळलं.
मोठी नोट घेऊन सुटे द्यावेत
तशी मी त्यांची भीती बदलून द्यायचे.
पुढे पुढे काही जण वीज असतानाही विचारायचे,
त्सियाला, आज काही शिल्लक आहे का?

सातव्या गोष्टीतला खुनी डॉक्टर आहे.
आमच्या गावच्या डॉक्टरांनी रागाने बोलणं टाकलंय.
त्यांना सांगा, मला दुसरा धंदा सुचला नाही.
खाणीतला माणूस खुनी केला असता
तर अर्धं गाव रुसलं असतं.

आणखी एक. वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.
प्रत्येक गोष्टीत कुठेतरी एक माणूस येतो,
ग्रीसचा डबा कमरेला, टोपी उलटी घातलेली.
दार दुरुस्त करतो, पाणी मागतो, निघून जातो.
भुतं त्याच्या वाटेला जात नाहीत,
खुनी त्याला जिन्यात वाट देतो.
संपादकाने तो नऊ ठिकाणी खोडला,
म्हणाला, याचं कथानकात काम काय?
मी नऊच्या नऊ ठिकाणी परत लिहिला.
त्याचं नाव ओतिया होतं.
तो बर्फात तारेवर चढला ती रात्र
या पुस्तकात नाही. पुढच्याही नसेल.

बाकी काय, किंमत आठ लारी.
चौसष्टावं पान उलटं छापलंय,
त्यात गूढ काही शोधू नका.

पहिली प्रत एतेरीने घेतली, औषधाच्या दुकानातली.
तिथेच उभ्याने शेवट वाचला आणि माझ्यावर उखडली:
हे काय, बुटांची बाई बोगद्यातच राहिली?
फोनवर तर ती शेवटी घरी गेली होती!

मी म्हटलं, नाही गं.
तेवढ्यात वीज आली होती.
गोष्ट अर्धीच राहिली.
घरी गेलीस ती तू.